सोमवारच्या आधीचा शनिवार

सकाळी ६.५०

चहा गॅसवर, फोन ओट्यावर. अंबरनाथच्या सहकाऱ्याचा मेसेज रात्री साडेबाराला आलेला: "मर्ज होत नाहीये. पाच फायलींना कॉन्फ्लिक्ट. मी हात लावलेला नाही, सकाळी तू बघ." शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. रात्री साडेबाराला सोडवलेला कॉन्फ्लिक्ट सकाळी पुन्हा सोडवावा लागतो, आणि तोवर त्याच्या खुणाही पुसलेल्या असतात.

आज २० सप्टेंबर २०२५. उद्या सर्वपित्री, परवा घटस्थापना, आणि परवापासूनच कपड्यांवरचा नवा जीएसटी. जीएसटी परिषदेची बैठक ३ तारखेला झाली. त्यानंतर बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना तीन आठवड्यांपेक्षाही कमी दिवस मिळाले. बाजार पितृपक्षामुळे तसाही थंड असतो, यंदा त्यात "सोमवारनंतर घेऊ" म्हणणाऱ्यांची भर. म्हणजे सोमवारी सगळे एकदम बिलं फाडणार.

"येताना अळूची पानं मिळाली तर बघ गं," सासूबाई म्हणाल्या. मी हो म्हणून डबा भरला.

७.४०

बदलापूर स्टेशन. शनिवारची गर्दी म्हणजे बाकीच्या दिवसांपेक्षा बोटभर कमी. बदलापूर ते उल्हासनगर मध्ये फक्त अंबरनाथ, पंधराएक मिनिटांचा प्रवास. पण लेडीज डब्यात चढण्यापेक्षा उतरायलाच जास्त ताकद लागते. बाकीच्या जणी ठाणे, घाटकोपर, दादरच्या. दारात उभं राहिलं की "आत सरक ना गं", आणि आत सरकलं की उल्हासनगर हुकतं. नेहमीच्या बायकांना माझं माहीत आहे, त्या मला दाराच्या उजव्या कोपऱ्यात ठेवतात.

खिडकीबाहेर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम आणि चिखलोलीच्या नव्या स्टेशनाची जागा. या दोन्ही गोष्टींवर डब्यात रोज चर्चा होते, ती इथे देत नाही.

८.२५

पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने कॅम्प पाच. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आले. ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं, पण पत्ते अजून कॅम्प, सेक्शन आणि बराक नंबरांतच सांगितले जातात. आमचं ऑफिस जीन्सच्या गाळ्यांच्या वर आहे. खालून शिलाई मशिनांचा आवाज दिवसभर येतो. आता तो बंद झाला तरच लक्ष जातं.

आमचं सॉफ्टवेअर या गाळ्यांसाठीच आहे. जीन्सचा एक नग इथे एका छताखाली तयार होत नाही. कटिंग एकीकडे, शिलाई दुसरीकडे, मग धुलाई, बटण, धागा कटिंग, प्रेस. धुलाईची युनिटं वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून कारवाईत सापडली तेव्हापासून तो टप्पा तर गावाबाहेरच गेला. प्रत्येक टप्प्याला चलन, प्रत्येक कारागिराची मजुरी वेगळी, आणि शेवटी विक्रीचं बिल. हे सगळं मराठीत आणि हिंदीत.

कोपऱ्यावरून दाल पकवान मागवलं. नवा मुलगा आधीच येऊन बसला होता. "ताई, मी सोडवून ठेवू का? एडिटरमध्ये बटण आहे, 'दोन्ही बदल घ्या' म्हणून."

"त्या बटणापासून लांब राहा," मी म्हटलं. "आधी खा."

९.१५

त्याला शेजारी बसवून सुरुवात केली. कॉन्फ्लिक्ट म्हणजे बिघाड नाही, हे नव्या माणसाला आधी सांगावं लागतं. लाल रंग दिसला की तो घाबरतो आणि लाल रंग घालवायच्या मागे लागतो.

दोघांचे कोडमधले बदल सांभाळून एकत्र जोडणाऱ्या, म्हणजे मर्ज करणाऱ्या, गिट या प्रोग्रॅमचं गणित सोपं आहे. दोन फांद्या, म्हणजे दोघांच्या कामाच्या वेगळ्या वाटा, जिथून फुटल्या ती मूळ अवस्था तो शोधतो. आमच्या बाबतीत ती ऑगस्टअखेरची होती. मग तीन प्रती समोर ठेवतो: मूळ, माझी, सहकाऱ्याची. एखादी ओळ एकानेच बदलली असेल तर तो बदल घेतो. दोघांनी अगदी तोच बदल केला असेल तरी घेतो. दोघांनी वेगवेगळा केला असेल तर थांबतो, आणि फाइलमध्ये खुणा टाकून माणसाला विचारतो: डावीकडे टोक असलेली सात चिन्हं, खाली माझी बाजू, मग सात बरोबरची चिन्हं, त्याखाली सहकाऱ्याची बाजू, आणि शेवटी उजवीकडे टोक असलेली सात. कराचा दर म्हणजे काय, जीन्स म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. त्याला ओळी कळतात.

मूळ प्रत मात्र तो सहसा दाखवत नाही, आणि ही सवय मला कधीच पटलेली नाही. सेटिंगमध्ये 'डिफ-थ्री' शैली लावली की दोन बाजूंच्या मध्ये सात उभ्या रेघा येतात आणि त्याखाली मूळ ओळ दिसते. २०२२ च्या सुरुवातीला त्याचा 'झेड-डिफ-थ्री' हा सुटसुटीत प्रकारही आला. मुलाच्या लॅपटॉपवर ते सेटिंग नव्हतं. सगळ्यात आधी ते लावलं. मूळ ओळ न बघता कॉन्फ्लिक्ट सोडवणं म्हणजे दोघांपैकी कुणाचा आवाज मोठा ते ठरवणं.

जाता जाता त्याला एक तारीख सांगितली. लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सची मंडळी वापरत असलेल्या बिटकीपरची फुकट सोय बंद झाली म्हणून. काही महिन्यांत त्याने तो प्रकल्प जुनिओ हमानोकडे सोपवला, तारीख २६ जुलै २००५. मुलगा बदलापूर पश्चिमेचा. त्याला ती तारीख गिटमुळे नाही, उल्हास नदीमुळे पाठ. "त्या दिवशी आमच्या घरात गळाभर पाणी होतं, ताई. मी कडेवर होतो म्हणे."

१०.००

पाचातल्या दोन फायली लगेच सुटल्या. एकीत दोघांनी शेजारशेजारच्या ओळी बदलल्या होत्या, इतक्या लागून की गिट थांबला. भांडण काहीच नव्हतं. दुसरी गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची. एकाने 'कॅम्प ५' लिहिलं, दुसऱ्याने 'उल्हासनगर ५'. पिन दोन्हीकडे ४२१००५. पोस्टमनला जे चालतं ते ठेवलं.

तिसरी दरांची. तिच्यापाशी साडेअकरापर्यंत बसलो.

मूळ ओळ सांगत होती: नगाची किंमत १००० पेक्षा कमी असेल तर ५ टक्के, नाहीतर १२. अंबरनाथच्या सहकाऱ्याने तीच ओळ बदलली होती: २५०० किंवा त्याहून कमी असेल तर ५, नाहीतर १८. नवा नियम अगदी हाच आहे. माझ्या बाजूला ती ओळच नव्हती. तिच्या जागी मी तारखेवार तक्ता ठेवला होता. २१ सप्टेंबरपर्यंत एक रांग, २२ पासून दुसरी, आणि बिलाच्या तारखेप्रमाणे दर उचलायचा.

मुलगा म्हणाला, "तुमचंच घ्या ना, ताई. तुमचं जास्त बरोबर आहे."

कौतुक ऐकायला बरं असतं. तरी फोन लावला.

"तू थेट आकडेच बदललेस?"

"अगं, ती बिलाची नवी स्क्रीन होती ना, तेवढ्यापुरतं. जुनी बिलं कोण परत छापतंय?"

"ऑडिटला छापतात. ऑगस्टचं बिल ऑक्टोबरात छापलं आणि त्यावर १८ टक्के आले, तर शेठ आपल्याला छापेल."

"बरं बाबा, तुझा तक्ता ठेव. पण एक बघ, मी 'कमी'चं 'कमी किंवा तेवढंच' केलंय. मुद्दाम केलंय."

ते मी पाहिलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोर होतं, पण आकड्यांच्या गडबडीत ते एवढंसं चिन्ह नजरेतून सुटलं असतं. कायद्यात आहे 'पेक्षा जास्त नाही'. म्हणजे बरोबर हजारचा नग जुन्या नियमातही ५ टक्क्यांत बसायचा, आणि आमची मूळ ओळ त्याला १२ लावत होती. माझा तक्ताही तीच तुलना करत होता, कारण तो त्याच ओळीवरून उतरवला होता. माझी बाजू तशीच उचलली असती तर सोमवारी बरोबर २५०० च्या नगाला १८ टक्के लागले असते. आणि पंचवीसशे ही किंमत ठेवायला सगळ्यांना आवडतं.

शेवटी लिहिलं ते दोघांपैकी कुणाचंच नव्हतं: माझा तक्ता, त्याची तुलना. फाइलमधल्या खुणा पुसल्या. चिन्हं चुकून कुठे राहिली का ते सांगणारी एक आज्ञा असते, ती चालवली. बटण दाबून हे झालं नसतं. 'दोन्ही बदल घ्या' म्हटलं असतं तर तक्ता आणि ओळ एकाखाली एक बसले असते, प्रोग्रॅम चाललाही असता, आणि दर शेवटच्या ओळीचा लागला असता.

११.४५

खालच्या गाळ्याचे शेठ चढून वर आले. त्यांना सोमवारची काळजी होती. "बेटा, तुम लोगों की आपस में लड़ाई चल रही है क्या? लड़का बोला, कॉन्फ्लिक्ट है।"

मी विचारलं, एकाच पॅटर्नवर एका मास्टरने कंबर वाढवली आणि दुसऱ्याने दुसऱ्या कागदावर पाय अरुंद केला, तर तुम्ही काय करता? ते हसले. "पुराना पैटर्न निकालता हूँ। नीचे रखके देखता हूँ, किसने क्या काटा।"

आमचंही तेच चाललंय, मी म्हटलं. ते चहा सांगून गेले.

१२.१०

चौथी फाइल लेबलांची, म्हणजे स्क्रीनवर दिसणारे मराठी शब्द. एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून 'कारागिराचे नाव' बदलून 'शिवणाऱ्याचे नाव' करायचं होतं. ते काम चुकून दोघांनीही केलं, एक माझ्या फांदीवर, एक सहकाऱ्याच्या. दोघांनी तोच बदल केला तर गिट थांबत नाही, हे मी सकाळीच मुलाला सांगितलं होतं. आणि आता समोर कॉन्फ्लिक्ट: वर 'शिवणाऱ्याचे नाव', खाली 'शिवणाऱ्याचे नाव'.

मुलाने मान तिरकी करून दोन्ही वाचले. "ताई, सारखंच आहे. याला कॉन्फ्लिक्ट का म्हणतो हा?"

सारखं दिसतं, सारखं नाही. अक्षरांचे कोड उघडून दाखवले. चंद्रकोरीसारखा दिसणारा तो अर्धा र संगणकात दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकच. मी ऑफिसच्या कीबोर्डवर टाइप केलं होतं, सहकाऱ्याने फोनवरून चिकटवलं होतं. गिट अक्षरं बघत नाही, बाइट बघतो. त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द होते, आणि त्याचं बरोबर होतं.

"मग कुठलंही घ्या की."

घेता येईल. पण शोध चालणार नाही. मजुरीच्या अहवालात गिऱ्हाईक 'शिवणाऱ्या' टाइप करून शोधतं. साठवलेला शब्द एका रस्त्याने आणि टाइप केलेला दुसऱ्या रस्त्याने आला, तर उत्तर 'नोंद सापडली नाही'. नोंद डोळ्यांसमोर असते आणि सापडत नाही. अशा तक्रारीचा फोन आला की समोरचा माणूस खोटं बोलतोय असंच आधी वाटतं.

फाइलमध्ये आणखी शोधल्यावर 'ॲडव्हान्स' सापडला, तोही दोन तऱ्हांनी. एकीकडे ॲ हे एकच अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरीकडे त्याआधीच्या सवयीचं, अ लिहून वर चंद्र दिलेलं. युनिकोडची प्रमाणीकरणाची जी ठरलेली पद्धत आहे ती सुटा नुक्ता र ला जोडून ऱ करून देते, पण या दोन ॲ ना एक मानत नाही, आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हालाही हात लावत नाही. त्यामुळे आम्हाला आमचा छोटा तक्ता करावा लागला: डावीकडे सापडेल ते रूप, उजवीकडे आपलं ठरलेलं रूप. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, प्रत्येकाच्या मशिनवर तो आपोआप चालेल अशी सोय मुलाने जेवणाआधीच लावली. हे काम त्याला मनापासून आवडलं. दरांच्या फाइलपाशी तो जांभया देत होता.

मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येक टीमला हा दगड कधी ना कधी लागतोच. इंग्रजी लेबलांवर काम करणाऱ्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

१.३०

डबा. भेंडी.

२.००

पाचवी फाइल मुलाच्या स्वतःच्या फांदीवरची. ती त्याने मर्ज न करता रिबेस करायची म्हटली. करू दे. पण तिथे 'आपली' आणि 'त्यांची' या बाजू उलट्या होतात, हे त्याला माहीत नव्हतं. रिबेसमध्ये आपले कमिट बाजूला काढून मुख्य फांदीच्या डोक्यावर एकेक पुन्हा लावले जातात. म्हणून गिटच्या लेखी 'आपली' बाजू मुख्य फांदीची, आणि तुम्ही स्वतः लिहिलेलं 'त्यांचं'. त्याने स्वतःचं ठेवायला 'आपली' दाबलं आणि त्याचं अख्खं काम गेलं. चेहरा पडला. रिबेस अर्धवट सोडायची आज्ञा दिली, सगळं पूर्ववत. दुसऱ्यांदा त्याने नीट केलं.

२.५०

पाचही सुटल्या. लाल रंग गेला. मुलगा म्हणाला, "झालं, पुश मारू?"

दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. गिटने ज्यावर खुणा केल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं, बोललो, तपासलं. ज्यावर त्याने खुणाच केल्या नाहीत, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

हाताने बिल केलं. तारीख २५ सप्टेंबर, १८०० ची जीन्स. कर ५ टक्के, ९० रुपये. बरोबर. मग तोच नग १० ऑक्टोबरला परत आला असं दाखवलं. क्रेडिट नोटवर कर आला २१६ रुपये. म्हणजे १२ टक्के, जो दर त्या दिवशी अस्तित्वातच नसेल.

शोधलं. परत मालाचा भाग मुलाने या महिन्यात नव्याने लिहिला होता, वेगळ्या फाइलमध्ये. जुन्या बिलावरचा माल परत आला तर कर जुन्याच दराने वजा व्हायला हवा, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. म्हणून त्याने हजार-पाच-बारा ही जुनी ओळ उचलून तिथे ठेवली. सोमवारी ते चाललं असतं, कारण सुरुवातीला परत येणारा सगळा माल जुन्या बिलांवरचाच. पंधरा दिवसांनी नव्या बिलांचा माल परत यायला लागला की बिल एक सांगणार आणि क्रेडिट नोट दुसरं. नवी फाइल, तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, मग कॉन्फ्लिक्ट कसला? गिटने ती चटकन जोडून घेतली आणि 'मर्ज झालं' म्हणून सांगितलं.

दुरुस्ती चार ओळींची. क्रेडिट नोटने दर स्वतःच्या तारखेने काढायचा नाही, मूळ बिलाच्या तारखेने काढायचा, आणि त्याच तक्त्यातून. जुनी ओळ काढून टाकली. पुन्हा तपासलं: ऑगस्टच्या बिलाचा परत माल १२ ने, २५ सप्टेंबरच्या बिलाचा ५ ने.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे लाल दिसलं ते बरं होतं."

४.०५

लाइट गेली. खालची मशिनं थांबली आणि गल्ली एकदम मोठी वाटायला लागली. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालतात, पंखा नाही. पाऊण तास घाम पुसत बाकीच्या चाचण्या लिहिल्या: बरोबर १०००, बरोबर २५००, २१ तारखेचं शेवटचं बिल, २२ चं पहिलं.

५.२०

मर्जचा संदेश लिहिला. गिट स्वतःहून एक ओळ देतो, 'अमुक फांदी तमुकमध्ये मर्ज केली'. बहुतेक जण ती तशीच ठेवतात. मी खाली लिहिलं: दर तारखेवार, तक्ता ठेवला. तुलना अंबरनाथच्या फांदीतली घेतली, कारण मर्यादेएवढी किंमत खालच्या दरात बसते. परत मालाचा दर मूळ बिलाच्या तारखेने. लेबलांत ऱ आणि ॲ एकाच रूपात. सहा महिन्यांनी कुणी ही ओळ बघून 'हे असं का केलं?' म्हणेल, त्याला मला फोन करायला लागू नये. फोनवर मलाही आठवणार नाही.

सहकाऱ्याने अंबरनाथहून वाचून पाहिलं, एका चाचणीचं नाव बदलायला लावलं, मग होकार दिला. पुश. गिऱ्हाइकांच्या मशिनवर उद्या रात्री जाईल, दुकानं बंद झाल्यावर.

६.३५

उल्हासनगर स्टेशन. बदलापूर लोकल ठाण्यापासूनच भरून येते, तरी एक पाय ठेवायला जागा मिळाली. तेवढ्यात शेठचा फोन. कानाला लावायला हात मोकळा नव्हता, शेजारच्या बाईने धरला.

"बेटा, सब हो गया ना? एक बात बता। मेरा सब माल तो हज़ार के नीचे है, उसका क्या, पाँच था, पाँच ही है। पर वो दो-चार फैंसी पीस हैं, छब्बीस सौ वाले। उसको पच्चीस सौ कर दूँ तो पाँच परसेंट लगेगा?"

"लागेल."

"और छब्बीस सौ रखूँ तो अठारह?"

"अठरा."

मागे मशिनं परत सुरू झालेली ऐकू येत होती. शेठ मनातल्या मनात हिशेब करत होते. "मतलब सौ रुपया कम करूँ तो ग्राहक को चार सौ से ऊपर सस्ता पड़ेगा।"

"हो. सॉफ्टवेअर दोन्ही बरोबर दाखवेल. किंमत किती ठेवायची ते तुमच्या सीएंना विचारा."

"सीए फोन नहीं उठा रहा," शेठ म्हणाले.